शुद्ध मराठी

अमरावतीच्या कॉलेजात कुलदीपचं सायबर सुरक्षेवरचं व्याख्यान चांगलंच रंगलं. "शत्रूचा उपग्रह पाडणारं क्षेपणास्त्र एकदाच उडवायचं, आणि मग आकाशभर पसरलेला कचरा आपणच सोसायचा," तो म्हणाला. "सायबर ढाल मात्र घरापासून बांधता येते. अकोल्याला माझी आई आहे. तिला सांगून ठेवलंय, माझ्या आवाजात कोणी काही माहिती विचारली आणि आपल्या वऱ्हाडी 'मले'ऐवजी 'मला' म्हणालं, तर ते मशीन समज. नंबर ब्लॉक कर." हॉलभर टाळ्या पडल्या.

तिथून नागपूरला निघालेली त्याची गाडी तिवशाजवळ ट्रकवर आदळली. फोनचा चुरा झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं औषध चालत नाही?" लहानपणी एका इंजेक्शननं तो मरता मरता वाचला होता, पण त्या इंजेक्शनचं नाव फक्त आईला ठाऊक. त्यानं सांगितलेला आईचा नंबर लावून डॉक्टरांनी स्वतःचा फोन त्याच्या कानाला लावला. शिकल्यासवरल्या माणसांसमोर वऱ्हाडी बोलायची कुलदीपला जन्मभर लाज.

"आई, मला कोणतं इंजेक्शन चालत नाही गं?"

वच्छलाबाई हसल्या. "वा रे मशीन. हुबेहूब माह्या पोराचा आवाज काढून राहिलं. पण माहा कुलदीप 'मले' म्हणते, 'मला' नाई म्हणत."

"मले, आई, मले..."

फोन कटला होता. डॉक्टरांनी पुन्हा लावून पाहिला, पण आईनं शिकवल्याबरहुकूम नंबर ब्लॉक केला होता.



"आता थांबता येणार नाही," म्हणत डॉक्टरांनी नेहमीचंच इंजेक्शन भरलं.