दुरून दिसेल असा रंग

"लेस नसलेले दाखवा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

श्रावणीने कपाळाला हात लावला. "आई, बिनलेसचे बूट शाळेतली पोरं घालतात. बाबांना धावायचे बूट घ्यायचेत."

"लेस बांधत बसत नाहीत ते. तशीच लोंबत ठेवतात. पडतील एखाद्या दिवशी."

पंडरी बाजारातल्या त्या खेळाच्या सामानाच्या दुकानात दिवाळीची गर्दी होती. श्रावणी कालच पुण्याहून आली होती, आणि या वेळी बाबांना त्यांच्या आवडीचंच काही द्यायचं, हे तिने गाडीत बसल्याबसल्याच ठरवलं होतं. नीलकंठराव आयुष्यभर शाळेत व्यायामशिक्षक होते. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी पुरानी बस्तीतल्या घरून निघून बूढा तालाबच्या काठाने फेऱ्या मारायचे. पण गेल्या काही महिन्यांत त्यांनी कमालच केली होती. सकाळी जायचे, दुपारी जायचे, अंधार पडता पडता पुन्हा जायचे. फोनवर आईकडून हे ऐकलं की श्रावणी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटायची. या वयात, बघा!

आई मात्र ते सांगताना कधी खूश वाटली नव्हती. आजही नव्हती. घरात अजून आकाशकंदील लागला नव्हता. फराळ बाहेरून आणला होता. दुकानात शिरल्यापासून ती स्टुलावर पाय चोळत बसली होती आणि तिची नजर एकसारखी नीलकंठरावांवर होती. ते पंख्याच्या वाऱ्यावर हलणाऱ्या टी-शर्टांकडे बघत उभे होते.

दुकानदार हिरालाल गल्ल्यावरून उठून आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. "सर, पहचाना? मैदान में बहुत दौड़ाया है आपने हमको."

नीलकंठराव क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग हसले. "हाँ हाँ, क्यों नहीं. खुश रहो, बेटा."

श्रावणीने हातातलं एक घड्याळ आईसमोर धरलं. "हे बघ. बाबा किती चालले, हृदयाचे ठोके किती पडले, सगळं यात कळतं."

प्रमोदिनीबाईंनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. "माणूस कुठं गेला, ते कळते काय यात?"

"आई!" श्रावणी हसली. "या वयात संशय घेऊन राहिली काय त्यांच्यावर?"

प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ नवऱ्याच्या मनगटावर बांधून पाहिलं. नीलकंठरावांनी लगेच काढून टाकलं. "हे बेडीसारखं कायले बांधता मले?"

शेवटी बूट घेतले, ते बिनलेसचेच. श्रावणीने वाद सोडून दिला. टी-शर्ट तरी मनासारखा घ्यावा म्हणून तिने गडद निळा निवडला. बाबांच्या पांढऱ्या केसांना शोभून दिसला असता. प्रमोदिनीबाईंनी तो बाजूला सारला आणि ढिगातून एक भडक नारिंगी ओढून काढला.

"हा घे."

"हा? रस्त्यावर काम करणारे घालतात तसला?"

"दुरून दिसला पाहिजे."

श्रावणीने निळा टी-शर्ट घडी करून परत ढिगावर ठेवला. एवढ्या हौसेने ती आली होती. आणि आईने प्रत्येक वस्तूवर पाणी ओतलं होतं.

हिरालालने नारिंगी टी-शर्ट काउंटरवर पसरला. "दीदी, त्योहार में पीछे नाम फ्री में छाप के दे रहे हैं. क्या डालूँ? नीलकंठ सर?"

"हो, तेच!" श्रावणीचा चेहरा उजळला. "मोठ्या अक्षरात."

"नको," प्रमोदिनीबाई घाईने म्हणाल्या. "नाव कशाले? राहू दे. चला आता घरी."

आणि मग श्रावणीला आवरलं नाही. "तुझं काय चाललंय, आई? ते स्वतःला इतकं जपतात, मेहनत करतात, आणि तुला त्यांचं काही चांगलं बघवतच नाही!"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. प्रमोदिनीबाईंनी मान खाली घातली. पदराचं टोक तेवढं डोळ्यांशी गेलं.

नीलकंठराव नवे बूट घालून आरशासमोर उभे होते. ते सावकाश चालत आले. त्यांनी आधी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, मग मुलीकडे पाहिलं. त्यांची नजर या क्षणी अगदी स्वच्छ होती.

"तिले नको बोलू, बेटा. दिवाळी होईपर्यंत सांगायचं नाही, असं ठरवलं होतं तिनं."

"काय सांगायचं नाही?"

"मी दिवसभर व्यायाम नाही करून राहिलो. सकाळी जाऊन आलो, हेच मले दुपारी आठवत नाही. म्हणून पुन्हा निघतो. हे बिचारी मागून मागून येते माझ्या."

श्रावणीने आईच्या पायांकडे पाहिलं. सुजलेले होते. टाचांना भेगा पडून त्यांत धूळ बसली होती.

हिरालाल हातात अक्षरं घेऊन थांबला होता. "तो सर, नाम डाल दूँ?"

नीलकंठरावांनी नारिंगी कापडावरून हात फिरवला.

"त्याले सांग, नाव नको," ते श्रावणीला म्हणाले. "नाव अजून आठवते मले. घराचा पत्ता लिहू दे."