वापरलेलं व्रत

उथाईने तबकात मेणबत्ती, उदबत्त्या आणि परसातली पांढरी फुलं मांडली. चुलीपाशी चिकट भात उकडत बसलेली त्याची बायको वान्दी ते मघापासून बघत होती.

"कुठं निघाली स्वारी?"

"विहारात. व्रत परत करायला."

भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला त्या दिवशी गावासमोर, थोरल्या भंतेंपुढे हात जोडून उथाईने पावसाळाभर दारू सोडली होती. बरं चाललं होतं. पण परवा शेजारची म्हातारी गेली. मयताच्या घरी रात्र जागवायची, पत्ते खेळायचे आणि प्यायचं, ही गावाची रीतच. सगळे पीत होते, यानेही पेला पुढे केला. पहिला लाजत घेतला. दुसऱ्याला लाज आडवी आली नाही.

"घेताना तबक नेलं होतं, मग टाकतानाही न्यायला नको?" उथाई म्हणाला. "भिक्खू चीवर उतरवून संसारात परततात तेसुद्धा सांगून-सवरून. मोडकं व्रत डोक्यावर घेऊन हिंडू नये माणसानं. रीतसर मोकळं व्हावं."

"आणि मोकळे झालात की?"

उथाईने तबकातली फुलं सारखी केली. पुढचं दोघांनाही ठाऊक होतं. दर पावसाळ्यात असंच व्हायचं. एकदा पाय घसरला की उरलेला वर्षावास बाटलीत जायचा. ये रे माझ्या मागल्या.

उथाई खेन बनवणारा. खेन म्हणजे बांबूच्या नळ्यांचा, तोंडाने फुंकायचा बाजा. प्रत्येक नळीत धातूची इवलीशी पत्ती असते, ती तासताना हात हलला की सूर गेला. दारूपायी त्याचा हात इतका थरथरायला लागला होता की गेली काही वर्षं तो नुसते बांबू कापून दुसऱ्या कारागिरांना विकायचा. यंदा हात स्थिर झाला. मागच्याच आठवड्यात एक पत्ती अशी जमली की वान्दी भांडी घासायची टाकून ऐकायला आली होती. आता हा हात पुन्हा जाणार, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. पण नियम म्हणजे नियम, मोडलं ते मोडलं.

"हत्यारं पेटीत घालून ठेवू?" वान्दीने विचारलं.

"ठेव," तो म्हणाला आणि निघाला.

थोरले भंते विहाराच्या पायरीवर बसून पायाचा चिखल धूत होते. उथाईने गुडघे टेकले, तबक पुढे सरकवलं आणि मान खाली घालून झालं ते सगळं सांगून टाकलं.

"म्हणून हे परत घ्या, भंते."

भंतेंनी तबक नीट न्याहाळलं. "अर्धा पावसाळा वापरलंस की रे. वापरलेली वस्तू परत आणतोस? बाजारात तरी घेतात का?"

उथाईला हसावं की रडावं कळेना. "मला वाटलं होतं तुम्ही रागवाल."

"तू रागावला असशीलच की स्वतःवर. परवापासून किती शिव्या घातल्यास?"

"मोजल्या नाहीत."

"मग? प्यायची इच्छा कमी झाली?"

उथाईने जरा विचार केला. "वाढली, भंते."

"तर मग ते शिव्यांचं काम पुरे आता." भंतेंनी पाय पुसले. "आज पौर्णिमा. आम्हा भिक्खूंना आज एकमेकांपुढे आपापल्या चुका सांगाव्या लागतात. मी आत्ताच धाकट्या भंतेंपुढे बसून आलो. कशाबद्दल, माहीत आहे? मिरच्यांच्या वाफ्यातल्या गवताबद्दल. भिक्खूने हिरवं उपटायचं नाही, असा नियम आहे. मी उपटतो."

"तुम्ही?"

"चीवर घेतलं तेव्हापासून. पुष्कळ कमी झालंय आता. पण पाऊस पडला, गवत वर आलं, की हात जातोच."

"मग धाकटे भंते काय म्हणतात?"

"विचारतात, चूक दिसली का? मी म्हणतो, दिसली. म्हणतात, पुढं जपा. मी म्हणतो, जपतो. झालं."

"एवढंच?"

"आणखी काय पाहिजे? दर चुकीला एकेकानं चीवर उतरवलं असतं, तर या विहारात कुत्री तेवढी उरली असती." मग त्यांनी तबक उथाईकडे परत सरकवलं. "तुला दिसली का चूक?"

उथाईने हात जोडले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आवाज शाळकरी पोराचा निघाला. "दिसली."

"पुढं जप."

"जपतो, भंते."

बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, उदबत्त्या लावून आणि फुलं वाहून तो बाहेर पडला. अंगावरून भाताचं पोतं उतरावं तसं हलकं वाटत होतं, आणि भूकही सपाटून लागली होती. वाटेत चिंचेखालच्या दुकानापाशी मयताच्या रात्रीची मंडळी बसलेलीच होती. त्याचं रिकामं तबक बघून त्यांच्यातल्या सिथोनने बाकावर सरकून जागा केली, पेला भरला आणि पुढे धरला.

"ये, बस. झालास ना मोकळा? आलास ना व्रत परत करून?"

"गेलो होतो," उथाई म्हणाला. "भंते घेईनात."

"का?"

"वापरलेलं आहे म्हणाले."

मंडळी खो खो हसली. उथाईही हसला. पेला मात्र सिथोनच्या हातातच राहिला.

"मग आता काय करणार त्याचं?"

"काय करणार?" उथाईने तबक काखेत मारलं आणि घरची वाट धरली. "संपेपर्यंत मलाच वापरावं लागणार."