बिनटिंबांचं पत्र

"मॅडम, 'मेत' म्हणजे मेलेला ना?" विद्यापीठाच्या हिब्रू वर्गात सेगुलाबाईंनी इस्राएलहून आलेलं नातीचं पत्र पुढं केलं. लढाई सुरू झाल्यापासून तिथं राहणाऱ्या मुलाची खुशाली कळली नव्हती. अक्षरांना स्वरांची टिंबंच नव्हती, जणू काना-मात्रा पुसलेली मराठी. दुसऱ्याच शब्दावर त्यांचं बोट अडलं होतं.

"अहो आजी, 'मताय' आहे ते! 'आजी, कधी येशील?' असं विचारतेय."

"म्हणजे जिता आहे माझा लेक?"

मॅडम पुढं वाचताना अडखळल्या. "'बाबांना आता दिसत नाही. मला मराठी वाचता येत नाही. तू हिब्रूत लिही, मी वाचून दाखवीन.'"

सेगुलाबाईंनी डोळे पुसले, वही उघडून हिब्रू लिहितात तशी उजव्या कडेला पेन्सिल टेकवली.

"मॅडम, अक्षरं हिब्रू, पण बोल मराठीच लिहिते, त्याला ऐकू जातील. 'बाळा'तला ळ कसा काढू?"

"हिब्रूत ळ नसतो, आजी."