झाकणावरचा अंगठा

"रंगाखाली अस्तर नको," गिऱ्हाईक म्हणालं, आणि डुफी मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

कुमासी शहरातल्या गॅरेजवस्तीत अठरा वर्षं ती गाड्यांचे रंग विकत होती. माणूस काय घेतो यापेक्षा काय घेत नाही, इकडे तिचं लक्ष असे. समोरचा तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं सगळ्यांत लहान कॉम्प्रेसर निवडला होता, हलकी स्प्रे गन, थिनर, पॉलिश पेपर. आणि निळा रंग, टॅक्सीचे चारही पिवळे कोपरे झाकण्यापुरता. इथं टॅक्सीची खूण म्हणजे हे पिवळे कोपरे; ते गेले की टॅक्सी कुणाचीही गाडी होते. चोरांना हे चांगलं ठाऊक असतं.

"एवढ्याशा कॉम्प्रेसरला एका कोपऱ्यातच धाप लागेल," मावशी म्हणाली. "समोर रंगाऱ्यांची ही रांग बसलीय. घरी कशाला मारतोस?"

"घरीच मारायचाय."

"गाडी कुठाय?"

"घरी."

सगळंच घरी! मावशीनं हात पुढे केला. "नमुना दे."

त्यानं पिशवीतून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून दिलं. बाहेरून टॅक्सीचं पिवळं, आतून गाडीचा मूळचा निळा. त्या निळ्यावर पिवळ्या रंगात एक अंगठा उमटला होता. अंगठ्यातून आडवी चीर गेली होती.

मावशीनं आपला अंगठा मुठीत लपवला. डब्याच्या पत्र्यानं कापल्याची चीर त्याच्यावर अजून होती. दुकान उघडलं त्या दिवशी भवानी केली ती बेदियाकोनं. जुनी गाडी घेऊन तिची टॅक्सी करायला निघाला होता. "झाकणाला आतून तुझा अंगठा उठव, दोघांनाही लाभेल," म्हणाला होता. तेव्हापासून दर वर्षी पिवळ्याचा डबा न्यायला यायचा. यंदा आला नव्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेदियाकोचं पोट त्या गाडीवर, आणि हा शहाणा ती रंगवून पचवायला निघालाय!

"रंग जुळवायला वेळ लागेल, बस हो बाळा," ती साखर पेरत म्हणाली. मग पाठ फिरवून तिनं बेदियाकोला फोन लावला.

फोन वाजला. तरुणाच्या खिशात.

मावशी तरातरा काउंटरबाहेर आली आणि तिनं दाराला आतून कडी घातली. "फोनपण चोरलास, मेल्या? माणसाचं काय केलंस?"

"मावशी, मी ओतेंग. त्यांचा मुलगा."

"चोरसुद्धा कुणाचा तरी मुलगाच असतो."

त्यानं फोनवरचा फोटो दाखवला. अंगणात निळी टॅक्सी. शेजारी खुर्चीत बेदियाको, अर्धा झालेला, एका अंगाला कललेला. डावा हात तेवढा गाडीच्या बॉनेटवर.

"उजवं अंग गेलंय. चार महिने झाले," ओतेंग म्हणाला. "रोजच्या गिऱ्हाइकांचे फोन येतात, 'कुठं आहात, न्यायला या.' त्यांना ऐकवत नाही, म्हणून फोन माझ्याकडे दिला."

मावशीनं फोन हातात घेऊन फोटो पुन्हा पाहिला.

"परवा त्याच गाडीतून दवाखान्यात नेत होतो. पिवळे कोपरे बघून रस्त्यात तिघांनी हात केला. प्रत्येक वेळी बाबा म्हणाले, 'थांबव, त्याला घे.' घरी आल्यावर खूप रडले, मावशी. मग म्हणाले, 'हे पिवळं पुसून टाक. पण गॅरेजवस्तीत नको, तिथं सगळे ओळखतात. माझ्यासमोर, अंगणात.'"

मावशीनं कडी काढली. झाकण उजेडात धरून तिनं निळा जुळवला. एरवी कुणासाठी घालवला नसेल इतका वेळ घालवला. फळीवरचा मोठा कॉम्प्रेसर खाली घेतला. "हा ने, काम झालं की आणून दे," म्हणाली. मग अस्तराचा डबाही पुढे सरकवला.

"माझं ऐक. अस्तराशिवाय पिवळ्यावर निळा टिकायचा नाही. वर्षभरात पोपडे निघतील आणि खालचा पिवळा डोकावायला लागेल."

"मीही हेच सांगितलं त्यांना."

"मग?"

ओतेंगनं डबा हळूच मागे सरकवला.

"म्हणाले, 'म्हणूनच नको.'"