मागणी क्रमांक एक

उत्तर फ्रान्समधला आमचा काच कारखाना बंद करायला अमेरिकन मालकांनी व्हिटकर नावाचा साहेब पाठवला. आम्ही त्याला त्याच्याच केबिनमध्ये कोंडलं; इकडची ती रीतच आहे. फाटकाशी टायर पेटवले, दगडांनी खिडक्या फोडल्या. युनियनच्या ओडिलने त्याचा शर्ट टराटरा फाडला आणि नाकावर असा ठोसा हाणला, की रक्ताची धार लागली.

"आमच्या पोटावर पाय देतोस, हरामखोरा? मागण्या मान्य झाल्याशिवाय इथून तुझं मढंच बाहेर पडेल!"

तेवढ्यात अमेरिकेहून मालकांचा फोन आला. ऐकता ऐकता साहेब मटकन खाली बसला.

"मला काढून टाकलं. आत्तापासून. आजारपणाचा विमासुद्धा बंद."

"आत्तापासून?" ओडिल किंचाळली. "नोटीस नाही? भत्ता नाही? आणि हे फुटलेलं नाक कोण बघणार?"

"कुणीच नाही. आमच्याकडे असंच असतं."

ओडिलच्या डोळ्यांत रक्त उतरलं. तिने खुर्ची उचलून उरलेली खिडकी फोडली आणि खाली घोषणा देणाऱ्या आमच्या लोकांवर ओरडली,

 

"अरे, सगळ्यात वर एक मागणी घाला! या मेल्याला आधी कामावर परत घ्या म्हणावं!"