विरजणाची परीक्षा

औषधाच्या कारखान्याचं सांडपाणी तासभर ओझोनचे बुडबुडे खाऊन बाहेर आलं, तरी दिसायला होतं तसंच होतं. त्यातलं औषध गेलं की उरलं, हे सांगणारं यंत्र मुंबईत, आणि रिपोर्टला तीन आठवडे. कारखान्याचे साहेब तर परवाच प्रयोगशाळेत येणार होते. पटलं तर ओझोनचा प्लॅन्ट बसवणार, नाहीतर पाणी पुन्हा ओढ्यातच. प्रयोग करणारी दीप्ती ओझोनआधीच्या आणि नंतरच्या पाण्याच्या दोन बाटल्या पुढ्यात घेऊन डोकं धरून बसली.

"ताई, कसलं औषध हाय त्यात?" फरशी पुसता पुसता धोंडुबाईंनी विचारलं.

"म्हशीची कास सुजली की डॉक्टर सुई देतात ना मावशी, त्यातलंच."

"मग त्यात काय! सुई दिली की चार दिस त्या दुधाचं दहीच लागत न्हाय. उद्या दूध आणते."

दुसऱ्या दिवशी धोंडुबाईंच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, घरच्या म्हशीचं दूध आलं. एका पेल्यात आधीचं पाणी घातलं, दुसऱ्यात ओझोन दिलेलं, आणि दोन्हींना धोंडुबाईंनी विरजण लावलं. दुसऱ्या सकाळी साहेब आले, तेव्हा पहिल्या पेल्यात दूधच होतं. दुसरा साहेबांनी स्वतः उपडा करून बघितला. दही जागचं हललं नाही. साहेबांनी तिथंच प्लॅन्टला होकार दिला.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं.

"मावशी, मुंबईचा रिपोर्ट! औषध अजिबात उरलेलं नाही म्हणतात!"

धोंडुबाईंनी शांतपणे फडकं पिळलं.

"एवढ्याला तीन आठवडं? मुंबईत विरजण मिळत न्हाय व्हय?"