घासलेली पिंपं

दार सरकवून किनुबाई कोठारात शिरल्या आणि त्यांना वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकलं.

मोतीबिंदू काढल्यावर सगळं लख्ख दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. येताना बोटीतून समुद्र लख्ख दिसला, धक्क्यावरची मांजरंसुद्धा लख्ख दिसली. पण आपल्या सोया सॉसच्या कोठारातली ही चार लाकडी पिंपं, एकेक दीड पुरुष उंच, पणजेसासऱ्यांच्या हातची, ती अशी कालच सुताराकडून आल्यासारखी पिवळीधमक कशी दिसतील? त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग पुढे होऊन पिंपावर तळवा टेकवला. लाकूड गुळगुळीत होतं. वरचा काळा, जाड, खरबरीत थर गेला होता. भिंतीवरचा गेला होता आणि तुळयांवरचाही गेला होता.

"कसं वाटतंय, आई?" मागून सुनेचा आवाज आला.

मिचिरु दारात उभी होती. उन्हाळ्यात लग्न होऊन ओसाकाहून बेटावर आलेली पोर. डोक्यापासून पायापर्यंत काळी झाली होती आणि त्यातून दात तेवढे चमकत होते. वर्ष संपायला आलं की आपल्याकडे माणूस घराचा कानाकोपरा घासतो. नव्या वर्षाच्या दारात जळमट ठेवून कोण झोपणार? त्यात आज दुपारच्या बोटीने परदेशी पाहुणे यायचे होते, जुनी कारागिरी आणि निसर्ग जपण्याची रीत पाहायला. हे पाहुणे जोडले होते मिचिरुनेच. सासू दवाखान्यात आणि नवरा मासेमारीला गेलेला. तिने पदर खोचला म्हणा किंवा बाह्या वर केल्या म्हणा, शिडी लावली आणि काथ्याच्या ब्रशाने सगळं कोठार घासून काढलं.

"किती वर्षांत कुणी हात लावला नव्हता हो! आणि साबणाचा थेंब नाही वापरला. निसर्गाला त्रास नको, म्हणून."

किनुबाई मटकन खाली बसल्या.

"अगं, मळ नव्हता तो," त्या म्हणाल्या. "जिवंत बुरशीचा थर होता. पणजेसासऱ्यांपासून या लाकडावर जगत आलेला. दाणे आम्ही शिजवतो, मीठ आम्ही घालतो, पण चव तो आणतो. त्याच्याशिवाय पिंपात नुसतं खारट पाणी उरतं."

मिचिरुचे दात दिसायचे बंद झाले.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"सांगायचं काय त्यात? बघून शिकायचं असतं."

"बघू कधी दिलंत? उन्हाळ्यापासून मला या उंबऱ्याच्या आत कुठे घेतलंत?"

अख्खं बेट किनुबाईंच्या जिभेला वचकून असे. पण आज त्या वाद न घालता एकदम ताडकन उठल्या.

"पाणी कुठाय? घासतानाचं पाणी?"

"गटारात ओतलं. ते समुद्राला गेलं."

"ब्रश?"

"उकळून ठेवला."

"फडकी? पुसायची फडकी तरी?"

मिचिरुने मान खाली घालून बाहेर बोट दाखवलं. अंगणात दोरीवर फडकी ओळीने वाळत होती, पांढरीशुभ्र. सुनेला नावं ठेवायला गावात कुणाला जागा नव्हती, इतकं तिचं काम चोख होतं.

"मी जाते," मिचिरु पुटपुटली. "पाहुणे येतील. अंघोळीचं पाणी तापलंय, तेवढं आवरून..."

"खबरदार!"

ती जागच्या जागी थिजली. किनुबाई नव्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होत्या. तिच्या कपाळाकडे, कानांच्या पाळ्यांकडे, मानेच्या वळीकडे, राखेत लोळल्यासारख्या त्या केसांकडे.

"इकडे ये. टेक पाठ पिंपाला. टेक म्हणते ना! हलू नकोस. उरलंसुरलं जे आहे, ते तुझ्या अंगावर आहे."

आणि त्यांनी दोन्ही हात सुनेच्या केसांत घातले. मुळांपर्यंत बोटं फिरवली, खसाखसा चोळली, आणि काळे झालेले तळवे पिंपाच्या फळीवर पुसले. पुन्हा केस, पुन्हा फळी. मग गाल, मग मान. घरात आल्यापासून या बाईने सुनेच्या खांद्यालासुद्धा कधी हात लावला नव्हता. मिचिरु डोळे विस्फारून उभी राहिली. या बाईंचं डोकं फिरलं की आपलं, हे तिला कळेना.

"जगेल ते?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक! कुणी घासलंच नव्हतं आजवर."

दारात पावलं वाजली. दुपारची बोट लागली होती. पाहुणे बूट काढून, मोजे घातलेल्या पायांनी उंबऱ्याशी गोळा झाले होते आणि आ वासून बघत होते. त्यांच्याबरोबर आलेला वाटाड्या इओरी बेटावरचाच होता, पण असलं काही त्यानेही बापजन्मात पाहिलं नव्हतं. त्याने एकदा घसा खाकरला.

"हा... आमच्याकडचा फार जुना विधी आहे," तो म्हणाला.

पाहुण्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. एकीने कॅमेरा पिशवीत ठेवून दिला.

तेव्हा मिचिरुला हुंदका फुटला. काळ्या गालावरून एक ओघळ हनुवटीपर्यंत उतरला आणि त्याच्यामागे गोऱ्या कातडीची रेघ उमटली. किनुबाईंनी घाईघाईने तिची हनुवटी वर उचलून धरली.

"रडू नकोस गं, बाई," त्या म्हणाल्या. "धुऊन जाईल."